उन्हाळ्यात घराची बाहेरची बाजू स्वतः रंगवायची आहे : वेळा, क्रम आणि साहित्याबद्दल सल्ला हवा

अंगणवाट

नमस्कार मंडळी,

या उन्हाळ्यात घर बाहेरून स्वतः रंगवायचं ठरवलंय, मी आणि माझा धाकटा भाऊ मिळून. आतल्या खोल्या आम्हीच रंगवल्या आहेत, त्यामुळे ब्रश-रोलर हाताला नवे नाहीत. बाहेरच्या भिंतींचा मात्र अजिबात अनुभव नाही. सलग काही दिवस मोकळे आहेत, गरज पडली तर आणखी काढता येतील.

घर तळमजला आणि वर एक मजला, चारही बाजू मोकळ्या. सिमेंटचं प्लास्टर, त्यावर ॲक्रिलिक इमल्शन (पाण्यात मिसळणारा रंग), बरंच जुनं झालेलं. पूर्वेची भिंत लांबून चांगली दिसते, पण हात फिरवला की तळव्याला पांढरी भुकटी लागते. उत्तरेला खालच्या तीन-चार फुटांत शेवाळ आहे. पश्चिमेला एका पट्ट्यात फोड आलेत, पोपडे सुटलेत. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून बारीक तिरक्या भेगा गेल्यात. ग्रिलना गंज धरलाय.

सगळ्यात जास्त काळजी उन्हाची वाटते. कडक उन्हात रंग लावू नये असं डब्यावर लिहिलेलं असतं आणि आमच्याकडे मोकळे दिवस नेमके उन्हाळ्यातलेच. मग दिवसाची आखणी कशी करायची? आधी सगळं घर घासून, भेगा भरून तयार करायचं आणि मग रंगाला हात घालायचा, की एकेक भिंत पुरी करत जायचं? रोलर बरा की स्प्रेचं मशीन भाड्याने आणावं? किती लिटर लागेल याचा अंदाज कसा काढतात? आणि वरच्या मजल्याला लांब शिडी पुरेल का?

ज्यांनी हे काम केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

निळी शाई

उन्हाचं आधी सांगते, कारण बाकीची आखणी त्यावरच ठरते. भिंतीवर सावली आली की रंग लावायचा आणि ऊन यायच्या आत थांबायचं. म्हणजे सकाळी पश्चिमेची भिंत, दुपार कलल्यावर पूर्वेची. यातही पश्चिमेची भिंत सकाळी उत्तम, कारण ती रात्रभर गार झालेली असते. पूर्वेची भिंत सावलीत गेल्यावरही बराच वेळ गरम राहते, तेव्हा सावली आली म्हणून लगेच सुरुवात करू नका. तळवा टेकवून बघा. आरामात टेकून राहता आला तर रंग लावण्यासारखी आहे, चटका बसला तर थांबा.

उत्तर आणि दक्षिण भिंतींचं गणित महिन्यावर आणि तुम्ही किती उत्तरेला राहता यावर आहे. उन्हाळ्यात सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेला उगवतो आणि पश्चिमेच्या उत्तरेला मावळतो, त्यामुळे उत्तरेच्या भिंतीला सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन मिळतं. कर्कवृत्ताच्या दक्षिणेला तर जूनच्या आसपास भरदुपारीही सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणून पुस्तकातल्या नियमावर जाऊ नका. काम सुरू करण्याआधी एक दिवस घराभोवती फिरून कुठल्या भिंतीवर ऊन कधी येतं आणि कधी जातं ते कागदावर लिहून ठेवा. या एका कागदावर तुमचे सगळे दिवस आखता येतील.

एवढा आग्रह का, तर इमल्शनमध्ये पॉलिमरचे अतिसूक्ष्म कण पाण्यात पसरलेले असतात. पाणी हळूहळू उडतं तसे ते कण जवळ येतात, एकमेकांवर दाबले जातात आणि एकसंध थर बनतो. भिंत तापलेली असेल तर पाणी इतक्या झपाट्याने जातं की कण नीट जुळत नाहीत. वरून कोरडा दिसणारा तो थर आतून कच्चाच राहतो. शिवाय ब्रश ओढला जातो, रोलरचा एक पट्टा वाळल्यावर दुसरा त्यावर चढतो आणि जोडाच्या रेघा कायम दिसत राहतात. बहुतेक इमल्शनना साधारण १० ते ३५ अंश सेल्सियस तापमान मानवतं, आणि हवेपेक्षा भिंतीचं तापमान महत्त्वाचं. हवा ३५ अंश असताना उन्हातली गडद भिंत ५० च्या वर सहज जाते.

संध्याकाळचीही एक मर्यादा आहे. रात्री दव पडत असेल तर रंगाला त्याआधी सुकायला काही तास मिळायला हवेत. ओल्या थरावर दव बसलं की चिकट तपकिरी ओघळ दिसतात, कारण रंगातले विरघळणारे घटक पृष्ठभागावर येतात. ते नंतर पाण्याने धुतले जातात, पण गडद रंगावर फार वाईट दिसतात.

करवत

निळी शाई यांच्याशी सहमत. आता क्रमाबद्दल.

माझ्या मते धुणं, खरवडणं, घासणं हे सगळ्या घराचं एका दमात उरका. खरवडलेली धूळ वाऱ्याबरोबर घराला वळसा घालते. एकेक भिंत पुरी करत गेलात तर कालच्या ताज्या रंगावर आजची धूळ बसणार. ग्रिलचा गंजही तारेच्या ब्रशने तेव्हाच काढा, नाहीतर तांबूस चुरा नव्या रंगावर पडेल आणि पहिल्या पावसात त्याचे डाग उतरतील.

धुताना शेवाळाला नुसतं पाणी मारू नका. वरचं निघून जातं, भिंतीत अंश तसेच राहतात आणि रंगाखालून परत येतं. घरगुती ब्लीच एक भाग आणि पाणी तीन भाग असं द्रावण लावा, दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, मऊ ब्रशने घासा, मग भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे आणि गॉगल हवेच. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा अमोनिया असलेलं काहीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. आसपासच्या झाडांवर आधी साधं पाणी मारा, मग प्लॅस्टिक घाला आणि काम झालं की लगेच काढा. उन्हात प्लॅस्टिकखाली झाडं होरपळतात.

प्रेशर वॉशर वापरलात तर नोझल भिंतीला टेकवू नका. भेगांतून पाणी आत शिरतं आणि कुठेतरी महिन्याभराने फोड होऊन बाहेर येतं. धुतल्यावर उन्हाळ्यातही पूर्ण एक-दोन दिवस वाळू द्या.

निळी शाई

करवत, धुण्या-खरवडण्यापर्यंत मान्य. प्रायमर (रंगाच्या आधीचा पहिला थर) मात्र सगळ्या घराला एकदम मारून ठेवू नये असं मला वाटतं. प्रायमर उघड्यावर टिकायला बनवलेलाच नसतो. दोघंच जण आहेत, शेवटच्या भिंतीपर्यंत पोचेतो पहिल्या भिंतीवर धूळ साचेल आणि ती पुन्हा पुसावी लागेल. प्रायमर आणि रंगाचे दोन हात भिंतीनुसार घ्यावेत, म्हणजे एक भिंत हातात घेतली की ती पुरी करून सोडायची.

करवत

पटलं. असंच करा.

ओळंबा

पश्चिमेच्या फोडांबद्दल कोणी बोललं नाही, आणि मला तीच या घरातली खरी अडचण वाटते. पोपड्यांवरून रंग फासला तर वर्षभरात तो जुन्या थरासकट खाली येईल. आधी कारण शोधा.

एक फोड खरवडायच्या पत्र्याने उघडा आणि खाली काय आहे ते बघा. खाली जुन्या रंगाचा थर शाबूत असेल तर फोड उष्णतेने आला आहे, वरचा हात तापल्या भिंतीवर दिला गेला होता. तो खरवडून, घासून पुढे जाता येतं. पण फोडाखाली थेट प्लास्टर दिसत असेल, ते गडद, ओलसर असेल किंवा त्यावर पांढरी फुली (बाहेर आलेला क्षार) असेल, तर भिंतीच्या आतून पाणी येतंय. अशा वेळी रंगाचा विचार बाजूला ठेवायचा. फोड एका पट्ट्यात आहेत असं तुम्ही लिहिलंय म्हणून विचारतो, त्या पट्ट्याच्या वर किंवा मागे काय आहे? न्हाणीघर, पाइप, गच्चीचा कठडा, टाकी?

आता भेगा. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी केसाएवढी भेग बहुतेक घरांत असते, कारण भिंतीतल्या भोकाच्या कोपऱ्यात ताण एकवटतो. तिला पत्र्याच्या टोकाने इंग्रजी व्हीसारखी थोडी रुंद करा, धूळ ब्रशने काढा, बाहेरच्या वापराचा लवचीक ॲक्रिलिक भराव भरा. नुसती वरून पुट्टी ओढली तर पुट्टी भेगेत शिरत नाही आणि पुढच्या उन्हाळ्यात रेघ परत दिसते. भेग ३ मिलिमीटरपेक्षा रुंद असेल तर पॉलिमर मिसळलेला मसाला लागेल. दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहून ठेवा. भेग खुणेच्या पुढे जात राहिली, किंवा तिच्या दोन्ही कडा एका पातळीत नसतील, तर बांधकामातल्या जाणकाराला दाखवल्याशिवाय झाकू नका.

आणि आतली पुट्टी बाहेर वापरू नका. जिप्समची तर नाहीच, पाण्याने ती मऊ पडते. बाहेर संपूर्ण भिंतीला पुट्टीचा थर द्यायचीही गरज नसते, जिथे खड्डा आहे तिथेच भरा.

पूर्वेची भुकटी म्हणजे उन्हाने रंगातलं बांधून ठेवणारं द्रव्य झिजलंय आणि नुसतं रंगद्रव्य सुटं पडलंय. नवा रंग त्या सुट्या भुकटीला चिकटतो, भिंतीला नाही. धुऊन, ब्रशने घासून भुकटी काढा, मग आत मुरून कण बांधणारा बाहेरचा प्रायमर द्या. पुरेसं झालं का हे तपासायला एका जागी ब्लेडने फुलीच्या आकाराचा छेद द्या, त्यावर चांगली चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्यात ओढा. पट्टीबरोबर रंगाच्या कपच्या आल्या तर तेवढ्या भागातला जुना थर अजून खरवडायचा आहे असं समजा.

पायवाट

घर किती जुनं आहे? खिडक्यांच्या चौकटी आणि ग्रिलवर ऑइलपेंटचे जुने थर असतील तर त्यात शिसं असण्याची शक्यता धरून चाला. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली. भारतात ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या थरांबद्दल खात्री देता येत नाही. असे थर कोरडे घासू नका, ग्राइंडर लावू नका, ज्योतीने जाळू नका. पाणी फवारून वॉटरपेपरने ओलं घासा, खाली जाड प्लॅस्टिक अंथरा, निघालेला चुरा गोळा करून बंद पिशवीत भरा. साध्या कापडी मास्कने शिशाची धूळ अडत नाही, बारीक कण गाळणारा रेस्पिरेटर लागतो. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर त्या दिवसांत त्यांना तिथे थांबू देऊ नका. कामाचे कपडे वेगळे धुवा. हे मी फार कळकळीने लिहितेय, कारण शिशाचा परिणाम लहान मुलांच्या मेंदूवर होतो आणि तो भरून निघत नाही.

ग्रिलसाठी तारेचा ब्रश, मग त्याच दिवशी गंजरोधक प्रायमर. घासलेलं लोखंड रात्रभर उघडं ठेवलं की पुन्हा तांबूस होतं.

रंग निवडताना एक बघा. भडक लाल, पिवळे, जांभळे बहुधा सेंद्रिय रंगद्रव्यांचे असतात आणि कडक उन्हात लवकर उडतात. गेरू, पिवळी माती, विटकरी अशा छटा लोह-ऑक्साइडच्या असतात, त्या वर्षानुवर्षं टिकतात. छोट्या रंगपट्टीवरून ठरवू नका. उन्हाच्या आणि सावलीच्या, दोन्ही भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवा, सुकू द्या आणि सकाळी, दुपारी, संध्याकाळी बघा. मोठ्या भिंतीवर प्रत्येक रंग पट्टीपेक्षा उजळ आणि भडक वाटतो, म्हणून मनात असलेल्या छटेपेक्षा जरा शांत छटा घ्यावी.

करवत

लिटरचा हिशेब. घराचा घेर गुणिले उंची, त्यातून दारं-खिडक्या वजा. उदाहरणार्थ घेर १२० फूट आणि उंची २० फूट म्हणजे २४०० चौरस फूट, त्यातून ३०० वजा केले की २१००. डब्यावर दोन हातांसाठी लिटरमागे समजा ५० चौरस फूट लिहिलेले असतील तर ४२ लिटर. खरखरीत प्लास्टर असेल तर जास्त धरा, कारण डब्यावरचा आकडा गुळगुळीत पृष्ठभागाचा असतो. छज्ज्यांची खालची बाजू मोजायला लोक विसरतात.

सगळे डबे एकाच बॅचचे घ्या. तरीही एका भिंतीला लागणारा रंग मोठ्या बादलीत एकत्र करूनच वापरा, छटेतला फरक भिंतीच्या मध्यावर उमटत नाही. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच. उन्हाळ्यात रंग घट्ट होत जातो म्हणून लोक पाणी ओतत जातात आणि शेवटचा भाग पातळ होतो. बादलीवर ओलं फडकं टाका आणि बादली सावलीत ठेवा.

स्प्रे नको. खिडक्या, झाडं, शेजारची गाडी, सगळं झाकण्यात तुमचा अर्धा वेळ जाईल, आणि उन्हाळ्यात वारं असतंच. शिवाय भुकटी सुटलेल्या प्लास्टरवर रंग दाबून आत घालावा लागतो, ते काम रोलरच करतो. नऊ इंची रोलर, गुळगुळीत भिंतीला १०-१२ मिलिमीटर लव आणि खरखरीतला १८-२० मिलिमीटर. कडा आणि कोपऱ्यांना चार इंची ब्रश. एकाने कडा मारायच्या, दुसऱ्याने लगेच मागून रोलर फिरवायचा. दोघं आहात ते फार सोयीचं आहे. वरून खाली या, आधी छज्ज्यांची खालची बाजू, मग भिंत. आणि थांबायचं ते कोपऱ्यावर, पट्ट्यावर किंवा पाइपच्या आडोशाला. भिंतीच्या मधोमध कधीच नाही, मग जेवायची वेळ टळली तरी चालेल.

ओळंबा

शिडीचं मी सांगतो. दोन मजल्यांच्या भिंतीवर शिडीवरून रोलर मारणं मला मान्य नाही. एक हात शिडीला हवा, एक रोलरला, बादली कुठे ठेवणार? दर तीन फुटांनी उतरून शिडी हलवावी लागते आणि दुपारपर्यंत माणूस दमला की तो हलवण्याऐवजी बाजूला झुकतो. बहुतेक अपघात तिथेच होतात. वरच्या मजल्यासाठी कठडा असलेली परांची भाड्याने आणा, आणि बांधणाऱ्यांकडूनच बांधून घ्या. भिंतीसमोर निवांत उभं राहून काम केलं की रंगही सारखा बसतो.

खालच्या भागाला शिडी वापराल तेव्हा चारास एक हे प्रमाण ठेवा. वरचा टेकू १६ फुटांवर असेल तर पाय भिंतीपासून ४ फूट लांब. जमीन सपाट आणि टणक हवी, विटांचे तुकडे ठेवून पातळी साधू नका. कमरेचा पट्टा शिडीच्या दोन दांड्यांच्या आत राहील एवढंच बाजूला झुकायचं. घरावर येणाऱ्या विजेच्या तारा आधी बघून घ्या. ॲल्युमिनियमची शिडी आणि रोलरचा लांब दांडा तारांपासून किमान ३ मीटर दूर राहिला पाहिजे. तारा भिंतीच्या अगदी जवळ असतील तर तेवढ्या भागासाठी वीजपुरवठा बंद करून घ्या.

निळी शाई

आणि स्वतःला जपा. भिंतीला जे ऊन सोसत नाही ते माणसालाही सोसत नाही. भरदुपारी काम बंदच ठेवा. तहान लागायची वाट न बघता पाणी पीत राहा, टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा घाला. दोघांपैकी एकाला गरगरलं, मळमळलं तर तो दिवस तिथेच संपवा. बोलणं असंबद्ध झालं, अंग भाजल्यासारखं गरम लागलं, तर तो उष्माघात असू शकतो. सावलीत नेऊन अंगावर पाणी मारत, वारा घालत लगेच वैद्यकीय मदत बोलवा. आणि परांचीवर एकट्याने चढायचं नाही, दुसरा खाली हवाच.

अंगणवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. तुम्ही लिहिल्यावर आज भिंती पुन्हा नीट बघितल्या.

पायवाट, घर चाळीस वर्षांहून जुनं आहे आणि चौकटींवर ऑइलपेंटचे कितीतरी थर आहेत. तेव्हा ओलं घासणं आणि रेस्पिरेटर नक्की. भाचरांना त्या दिवसांत बोलावणार नाही.

ओळंबा, तुमचा अंदाज बरोबर निघाला. फोडाखाली थेट प्लास्टर आहे, हाताला दमट लागतं आणि पांढरी बारीक फुली आहे. त्या पट्ट्याच्या मागे वरच्या न्हाणीघराचा पाइप भिंतीतून खाली येतो. प्लंबरला बोलावलंय. पाइप दुरुस्त झाल्यावर तेवढं प्लास्टर नवीन करून लगेच रंगवलं तर चालेल का? परांची तोपर्यंत ठेवावी लागेल, म्हणून विचारते.

ओळंबा

नाही, लगेच नको. दोन कारणं आहेत. एक तर भिंतीत मुरलेलं पाणी वाळायला वेळ लागतो. दुसरं, नवं सिमेंटचं प्लास्टर फार अल्कलीयुक्त असतं, त्यावर घाईने रंग दिला तर छटा बदलते आणि थर सुटतो. प्लास्टरला आधी रोज पाणी मारून मुरू द्या आणि एकूण किमान २८ दिवस जाऊ द्या, मग अल्कली सोसणारा प्रायमर.

शेजारच्या जुन्या भागावरचा पांढरा क्षार कोरड्या ब्रशने झाडून काढा, धुऊ नका. पाण्यात विरघळून तो परत आत जातो आणि पुन्हा बाहेर येतो. भिंत वाळली का हे बघायला फूटभर स्वच्छ प्लॅस्टिक चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दिवसभर ठेवा. आतल्या बाजूला थेंब जमले तर ओल अजून आहे. जलरोधक लेप मारून ओल आत कोंडू नका, ती घराच्या आतल्या बाजूने बाहेर पडेल.

परांचीचं म्हणाल तर उत्तर, दक्षिण आणि पूर्व आता करून घ्या. पश्चिमेची भिंत पूर्ण मागे ठेवा आणि परांची तेव्हा तेवढ्यापुरती पुन्हा आणा.

अंगणवाट

पश्चिमेची पूर्ण भिंत का? पट्टा सोडून बाकीची आत्ता रंगवली आणि महिन्याभराने फक्त पट्टा भरला तर? रंग त्याच बॅचचा जपून ठेवेन.

करवत

तोच रंग असला तरी ठिगळ दिसेल. महिनाभर ऊन खाल्लेला थर आणि ताजा थर यांची चमक वेगळी असते, आणि पश्चिमेचं तिरपं ऊन नेमकं तेच दाखवतं. शिवाय जोडाच्या रेघा दोन्ही कडांना येतील. पाइपच्या एका बाजूला कोपरा जवळ असेल आणि दुसऱ्या बाजूला उभा पट्टा किंवा खाच असेल, तर कोपऱ्यापासून त्या खाचेपर्यंतचा भाग तेवढा मागे ठेवता येईल, कारण जोड तिथे लपतो. मध्ये अशी जागा नसेल तर ओळंबा म्हणतात तसं पूर्ण भिंत नंतर.

पश्चिमेसाठीचा रंग न उघडलेल्या डब्यांतच राहू द्या आणि डबे घरात, जमिनीपासून वर, थंड जागी ठेवा. उन्हातल्या पत्र्याच्या शेडमध्ये नको. उघडलेला डबा उरला तर रंग लहान डब्यात काठोकाठ भरून ठेवा, आत हवा कमी राहिली की साय धरत नाही. झाकणावर छटेचा क्रमांक, बॅच आणि तारीख लिहा. वापरताना तळापर्यंत ढवळा आणि जाळीच्या कापडातून गाळून घ्या.

पायवाट

मास्किंग टेप लावलीत तर रंग पूर्ण सुकायच्या आत हलक्या हाताने तिरकी ओढून काढा. उन्हात दोन-तीन दिवस राहिली की साध्या टेपचा गोंद चौकटीवर भाजून बसतो, आणि तुमच्या चौकटींवर तो खरवडत बसणं तर नकोच.